सामूहिक सुरक्षेची पंगत

फोन वाजला तेव्हा त्र्यंबकराव घैसासांच्या तोंडात जिलबीचा शेवटचा तुकडा होता आणि चेहऱ्यावर यजमानाला शोभेल असं हसू होतं. तुकडा होता तिथंच राहिला. हसूही राहिलं, त्यातला यजमान तेवढा निघून गेला. त्यांच्या पाटामागं दार होतं, दारामागं त्यांची खोली, खोलीत टेबल आणि टेबलावर तो काळा फोन. गेला आठवडाभर ते त्या फोनसमोर बसून तो वाजत नाही याचा अभ्यास करत होते. गावातल्या गावात केलेला फोन खोकल्यासारखा वाजे. घसा साफ करी, थांबे, मग धीर करून पुन्हा. मुंबईचा ट्रंक कॉल मात्र एका दमात, लांब, वरिष्ठासारखा. हा तसा वाजत होता. केंद्राचा शिपाई सहदेव आत गेला, घंटा थांबली, आणि पडवीत एकदम भुरके ऐकू यायला लागले. सहदेव बाहेर येऊन त्यांच्या कानाशी वाकला.

"साहेब, ट्रंक आहे. सचिवालयातून."

"काय म्हणतात?"

"ऑफिसरला बोलवा म्हणतात."

"निरोप घ्यायचास की."

"शिपायाला निरोप देत नाहीत म्हणाले. मी सांगितलं, सगळे जेवायला बसलेत. मग म्हणाले, थोड्या वेळानं परत लावतो."

"आवाज कुणाचा होता?"

"मोठा होता," सहदेव म्हणाला आणि मठ्ठ्याचं भांडं उचलून पुढे गेला.

खरं म्हणजे उठायचं, दार ढकलायचं आणि पुन्हा इकडून फोन लावायचा, एवढंच काम होतं. जगात कुठंही, कुठल्याही टेबलावर, कुठलाही संचालक असं उठला असता आणि काट्याचमच्यांना त्याचं काही वाटलं नसतं. पण त्र्यंबकराव पंगतीत बसले होते. समोर केळीचं पान, पानाभोवती रांगोळी, पुढ्यात विझत आलेली उदबत्ती. पंगतीत सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय कुणी उठत नाही. हा नियम त्यांना लहानपणापासून माहीत होता आणि आजवर त्यांनी तो निमूटपणे पाळला होता. आज सकाळी मात्र त्यांना दुर्बुद्धी झाली आणि त्यांनी त्या नियमाचं तत्त्वज्ञान केलं. परिषदेच्या उद्घाटनाच्या भाषणात, सीलोन, ब्रह्मदेश आणि इंडोनेशिया या तीन देशांच्या प्रतिनिधींसमोर उभं राहून, चष्मा काढून (चष्मा काढला की वाक्य मोठं होतं असा त्यांचा अनुभव होता) ते म्हणाले होते, "सभ्य हो, सामूहिक सुरक्षा आम्हाला पश्चिमेकडून शिकायची नाही. आमच्याकडे ती रोज जेवायला बसते. पंगतीत सर्वांना वाढून होईपर्यंत कुणी घास घेत नाही आणि शेवटच्याचं जेवण होईपर्यंत कुणी पाट सोडत नाही. भराभर जेवणारा बलिष्ठ सावकाश जेवणाऱ्या दुर्बळासाठी थांबतो. राष्ट्रांनी याहून वेगळं काय करायचं आहे?" टाळ्या झाल्या. सीलोनच्या प्रोफेसरानं तेवढा एक प्रश्न विचारला. "आणि एखाद्यानं जेवण संपवलंच नाही तर?" त्र्यंबकराव मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे असं होत नाही." आता हा प्रोफेसर त्यांच्या उजव्या हाताला, सुटाबुटासकट पाटावर मांडी घालून बसला होता. त्याचं जेवण कधीच आटोपलं होतं आणि त्याचा डावा पाय केव्हाच स्वतंत्र झाला होता. पण सकाळच्या सिद्धांताचा मान राखून तो हूं की चूं न करता बसून होता. त्र्यंबकरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना त्याची कीव आली. विद्वान माणसाला दुसऱ्याचं भाषण खरं वाटावं, याहून केविलवाणं काय असणार?

येत्या महिन्याच्या अखेरीला त्र्यंबकराव पंचावन्न वर्षांचे होत होते. पंचावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत माणूस सरकारला हवा असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकदम नको होतो. मधल्या रात्रीत त्याच्यात काय बिघडतं हे सरकारनं कधी जाहीर केलेलं नाही. मुदतवाढीसाठी त्यांनी अर्ज केला होता. ओळखीच्या ठिकाणी सहज म्हणून जाऊन आले होते. निर्णय या आठवड्यात कळेल, फोनवर कळवू, असं सचिवालयातून सांगितलं होतं. सकाळी डोंबिवलीच्या घरातून निघताना वासंतीबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, टोपी हातात देत विचारलं होतं, "आज तरी कळेल का हो?"

"कळेल तेव्हा कळेल."

"नाही, समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई विचारत होत्या. मी म्हटलं, ह्यांच्यावाचून त्या देशांचं पान हलत नाही."

"त्यांना काय कळतंय?"

"त्यांना नाहीच कळत," वासंतीबाई म्हणाल्या. "मलाही नाही कळत. पण तुम्ही घरी बसलात तर दिवसभर आमच्याकडे जे बघाल ना, ते मला कळतंय."

हे वाक्य त्यांना जिन्यावर टोचलं, स्टेशनपर्यंत टोचलं आणि आत्ता मठ्ठ्याबरोबर पुन्हा टोचत होतं. कारण बाईचं म्हणणं खरं होतं. त्र्यंबकराव सकाळी कोटाबरोबरच आपली तुच्छता अंगात घालत आणि संध्याकाळी घरी येऊन दोन्ही खुंटीला लावत. ही तुच्छता साधीसुधी नव्हती. तिला निगा होती, व्यासंग होता. खालच्या माणसाला कुणीही तुच्छ लेखील. त्र्यंबकराव बरोबरीच्यांना लेखत, वरच्यांना लेखत आणि जरा सवड मिळाली की आख्ख्या देशांना लेखत. जाडजूड ग्रंथ लिहिणारे, परिषदा भरवणारे, तटस्थ राहणारे, न राहणारे, सगळे त्यांना सारखे. पण तुच्छतेला उंचवटा लागतो. डोंबिवलीच्या गॅलरीत आरामखुर्चीवर बसून ब्रह्मदेशाला तुच्छ लेखता येत नाही. तिथून फार तर समोरच्या बिऱ्हाडाला, आणि ते आधीच खालच्या मजल्यावर राहत होतं.

हा उंचवटा म्हणजे प्रादेशिक सुरक्षा सहकार्य अध्ययन केंद्र. बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले देश जमले, हातात हात घालून फोटो काढले आणि आपापल्या घरी गेले, त्याच्या पुढच्या वर्षी राज्यातल्या कुणाच्या तरी मनात आलं की शेजारी देशांनी एकमेकांना कसं सांभाळावं याचा अभ्यास ठाण्यात व्हावा. ठाण्यातच का, हे कुणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं: टेंभी नाक्यापाशी एक बंगला रिकामा होता. बंगल्याला कौलं होती, काटकोनात वळणारी लांब पडवी होती, मागं विहीर होती आणि विहिरीवरून शेजारच्या बंगल्याशी जुनं भांडण होतं. ते सरकारनं बंगल्याबरोबरच भाड्यानं घेतलं. केंद्र अहवाल काढी. अहवाल केंद्रातलीच मंडळी वाचत, तेही छपाईच्या चुका शोधायला. एका मंत्र्यानं भाषणात केंद्राचा उल्लेख "आपलं ते शेजारधर्माचं खातं" असा केला होता. त्र्यंबकरावांनी त्यावर समोर बसून मान डोलावली होती आणि मनात त्या मंत्र्याला जिथं नेऊन बसवलं होतं तिथं पाटसुद्धा नव्हता.

आणि या सगळ्यातला सर्वांत तुच्छ पदार्थ म्हणजे उपसंचालक भाऊ गुप्ते. कल्याणचा माणूस. अंगानं गोल, स्वभावानं गोल, बोलायला बसला तर वाक्यसुद्धा गोल फिरून होतं तिथं येई. भाऊंनी आयुष्यात एकही सिद्धांत मांडला नव्हता. परवा पाहुणे उतरले तेव्हापासून ते त्यांना "पाणी उकळलेलं आहे, प्या," "तुमची मुलं कितवीत आहेत?" असलं काहीबाही बोलत हिंडत होते. सकाळच्या बैठकीत त्र्यंबकराव 'सागरी सीमा आणि परस्परविश्वास' यावर बोलत असताना मागच्या खुर्चीवर भाऊ आणि ब्रह्मदेशचा कर्नल यांचं हळू आवाजात काहीतरी गंभीर चाललेलं दिसलं. नंतर कळलं, कर्नल त्यांना आपल्याकडची मासळीची चटणी किती दिवस मुरवतात ते सांगत होता आणि भाऊ सुकट भाजण्यावर बोलत होते. पंगतीचा बेत ठरवतानासुद्धा हेच. भाऊ म्हणाले होते, "त्र्यंबकराव, चेंदणीच्या मनुबाईला सांगून ठेवू का? सकाळी ताजी मासळी आणून देईल. पाहुणे तिन्ही समुद्राकाठचे आहेत."

"सरकारी पंगत आहे, भाऊ."

"सरकारला मासे चालत नाहीत?"

"सरकारला सगळं चालतं. पंगतीला चालत नाही."

"बरं," भाऊ म्हणाले. भाऊंचं हे 'बरं' त्र्यंबकरावांना फार लागे. त्यात विरोध नसे, संमती नसे. नुसतं बसायला जागा करून दिल्यासारखं असे.

आता हे भाऊ जेवत होते. बाकीच्यांची पानं रिकामी होती. त्र्यंबकरावांनी पुन्हा एकदा ओळीवरून नजर फिरवली. पानं मांडताना त्यांनी नकाशाचा क्रम लावला होता, आणि त्या क्रमाचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं होतं: आपल्याशेजारी जवळचा म्हणून सीलोन, त्यापलीकडे ब्रह्मदेश, पडवीच्या कोपऱ्यावर भाऊ, आणि पडवी वळते तिथं, वळणाच्या आड, सर्वांत लांबचा म्हणून इंडोनेशिया. डावीकडे केंद्रातली बाकी मंडळी. सीलोन आटोपलेला. ब्रह्मदेश आटोपलेला, कर्नल लुंगी नेसून आला होता आणि मांडी घालून असा आरामात बसला होता की उठायला सांगितलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं. मंडळी आटोपलेली. राहता राहिले भाऊ. भाऊंच्या पानावर ताकभाताचा एवढासा ढीग होता. ते त्यातून घास घेत, आणि घास म्हणजे काय, चार शितं. ती तोंडात घालून ते चावत. ताकभात चावत. मग मान वळवून कोपऱ्यापलीकडच्या भिंतीकडे बघत, हसत, काहीतरी पुटपुटत, आणि पुन्हा ढिगाकडे वळत. भिंतीशी बोलण्यासारखं या माणसाकडे काय असेल ते असो. त्र्यंबकरावांना एवढं स्पष्ट दिसलं की भाऊंनी सहदेवला कानाशी वाकताना पाहिलं आहे. सचिवालय हा शब्द पडवीत पसरायला वेळ लागत नाही. भाऊंना कळलं होतं. भाऊ त्यांना पाटावर डांबून ठेवत होते, तेही ताकभाताच्या जोरावर. आयुष्यभर ज्याला हत्यार उचलता आलं नाही त्याला शेवटी हे सापडलं.

त्र्यंबकरावांच्या उजव्या हाताला आता वरणाचा पापुद्रा धरला होता. बोटं एकमेकांना चिकटत होती. उष्टा हात वाळत जातो तेव्हा तो आपला राहत नाही. कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा मांडीवर अधांतरी धरून बसावं लागतं. ही जाणीव त्यांना जुनी होती. वडिलांचा हात असाच वाळताना त्यांनी पाहिला होता, कल्याणला, कुणाच्या तरी मुंजीत. वडील रेल्वेत कारकून होते. त्या दिवशी दुपारच्या गाडीनं मोठा गोरा साहेब कल्याणला उतरणार होता आणि मालधक्क्यावरच्या वरच्या जागेसाठी माणूस निवडणार होता. वडिलांनी कोट घडी करून शेजारी ठेवला होता, जेवलं की अंगात घालून थेट स्टेशन. पण त्या पंगतीत बाळकाका होते, वडिलांचे चुलतभाऊ, आणि मुंजघरी मानाचं गंध लावताना त्यांचा नंबर दुसरा लागला होता, पहिला नव्हे. बाळकाकांनी ते मनात ठेवलं. ते जेवायला बसले आणि जेवतच राहिले. पुरणपोळीच्या एकेका घासाला ते नीट न्याहाळत. वाढपी येई, काका हात आडवा धरत, वाढपी वळला की हाक मारत. पंगत कळवळली. यजमान हात जोडून समोर उभे. कुणी उठेना, कारण कुणी उठायचं नसतं. लहान त्र्यंबक वडिलांच्या शेजारी होता. त्यानं पाहिलं की वडिलांचा हात पिवळा होऊन कडक झाला आहे आणि त्याची बोटं आपोआप थोडी आत वळली आहेत, मेलेल्या पाखराच्या पायासारखी. दूर गाडीची शिटी झाली. "अप्पा, गाडी," त्र्यंबक म्हणाला. वडील म्हणाले, "पंगत मोडायची नसते रे." एवढंच, रागानं नव्हे, जरा अभिमानानंसुद्धा. मालधक्क्यावर दुसरा माणूस लागला. वडिलांची पुढची वर्षं आंबिवलीला गेली, जिथं गाडी थांबे ती बहुतेक दम घ्यायला, आणि तिकिटाच्या खिडकीतून ते रिकाम्या फलाटाकडे अशा समाधानानं बघत की त्र्यंबकला त्यांची चीड येई. पुढं चीड गेली, तुच्छता आली. कुणाला तुच्छ लेखण्याची ही त्यांची पहिली वेळ. घरीच सराव झाला म्हणायचा.

सकाळी सीलोनला त्यांनी सांगितलं होतं, आमच्याकडे असं होत नाही.

"भाऊ," त्यांनी ओळीवरून हाक मारली, आवाजात जेवढी साखर होती तेवढी सगळी घालून, "काही हवं का? मठ्ठा? की झालं?"

"होतंय, होतंय," भाऊ म्हणाले. "तुम्हाला काही गडबड नाही ना, त्र्यंबकराव?"

"छे, छे. गडबड कसली?"

"मग ठीक," भाऊ म्हणाले आणि भिंतीकडे वळून हसले.

कर्नलनं भाऊंकडे पाहिलं, त्र्यंबकरावांकडे पाहिलं, आणि इंग्रजीत सीलोनला म्हणाला की ही पद्धत छान आहे, आमच्याकडच्या फौजेत लागू केली पाहिजे, निम्मी युद्धं पाय दुखून थांबतील. सीलोन हसला, पण पायानं हसू मध्येच तोडलं. बाहेर नाक्यावर कुणीतरी लाउडस्पीकर लावून तपासत होतं, "हॅलो, हॅलो," आणि प्रत्येक हॅलोला त्र्यंबकरावांच्या छातीत काहीतरी उठून उभं राही आणि खाली बसे. सहदेव पानांपुढून मठ्ठा घेऊन फिरत होता. पहिल्या खेपेला जे "नको" म्हणाले होते तेसुद्धा आता घेत होते. भाऊ एकटे हात आडवा धरत. त्र्यंबकरावांनी ठरवलं की मुदतवाढ मिळाली की पहिलं काम भाऊंच्या बदलीचं. कुठं ते ठरवता येईना. सुरक्षा आणि सहकार्य यांहून कमी महत्त्वाचं खातं सरकारकडे होतं की नाही, याची त्यांना शंका आली.

मग फोन वाजला. एका दमात, लांब.

पहिल्या घंटेला त्यांनी भाऊंच्या पानाकडे पाहिलं. ढीग होता. दुसऱ्या घंटेला सहदेव दाराशी जाऊन उभा राहिला आणि त्यांच्याकडे बघू लागला, आत जाऊ का, या अर्थानं. शिपायाला निरोप देत नाहीत. तिसऱ्या घंटेला त्यांना आंबिवलीची खिडकी दिसली, तिच्यातला समाधानी चेहरा दिसला, आणि तो हळूहळू आपला होतो आहे असं वाटलं. चौथ्या घंटेला त्र्यंबकराव घैसास पंगतीतून उठले. पाट सरकल्याचा आवाज झाला. तो फार मोठा नव्हता, पण पडवीभर ऐकू गेला. केंद्रातली मंडळी पानात बघायला लागली. सीलोनच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली, मग तो भानावर आला, त्यानं इकडं तिकडं पाहिलं, कुणीच उठत नाही असं बघून तो तसाच बसला, आणि सबंध परिषदेत प्रथमच त्यानं त्र्यंबकरावांकडे खरं कुतूहल वाटल्यासारखं पाहिलं.

उभं राहिल्यावर पडवीचं वळण दिसलं. बसलेल्या माणसाला ते दिसत नव्हतं. वळणाच्या आड, पाटावर, इंडोनेशिया जेवत होता. इंडोनेशिया म्हणजे ते लहानखुरे म्हातारे प्रोफेसर, पांढऱ्या कोटातले, तोंडात दात थोडे. त्यांच्या पानावर अळूची भाजी होती, मसालेभात होता, आख्खी जिलबी होती. वाढलेलं टाकायचं नाही, असं त्यांना त्यांच्या देशात कुणीतरी लहानपणी शिकवलेलं दिसत होतं; ते एकेक घास मोठ्या सौजन्यानं संपवत होते, घामाघूम होऊन. मध्येच वर बघून त्यांनी भाऊंना काहीतरी खूण केली, म्हणजे बहुधा, तुम्ही उठा, माझं होईल. भाऊंनी आपल्या पानाकडे बोट दाखवलं: माझंच राहिलंय अजून. आणि चार शितं उचलली. पाहुणा पानावर शेवटचा राहू नये, एवढ्यासाठी हा माणूस मघापासून ताकभाताचा एवढासा ढीग पुरवून पुरवून खात होता. त्र्यंबकरावांच्या लक्षात आलं की आपण इंडोनेशिया विसरलो. आख्खा देश. त्याची बेटं मोजायला कुणाला जमलेलं नाही, आणि ती सगळी आपण भिंत म्हणून धरली. त्यांना आधी राग आला तो म्हाताऱ्याचा, एवढं हळू जेवतो म्हणून. मग भाऊंचा. या माणसाचं सौजन्यसुद्धा रटाळ, असं त्यांच्या मनात आलं. पण ते नेहमीसारखं नीट बसलं नाही, कोट दुसऱ्याचा घातल्यासारखं झालं. फोन वाजतच होता.

त्यांनी डाव्या हातानं रिसीव्हर उचलला. उजवा हात वाळून कडक झालेला, तो त्यांनी अंगापासून लांब धरला होता.

"कोण? घैसास का?" पलीकडून सचिवालयातले अधिकारी म्हणाले. आवाज खरोखरच मोठा होता. "अहो, मघाशी शिपाई म्हणाला सगळे जेवताहेत. आम्हाला गुप्ते हवे होते."

"गुप्ते," त्र्यंबकराव म्हणाले.

"हो, भाऊ गुप्ते. झालं का त्यांचं?"

"नाही. अजून बसलेत."

"मग राहू द्या, उठवू नका. तुम्हीच सांगा त्यांना. तुमच्या मुदतवाढीचं काही झालं नाही, कळवणारच होतो. चार्ज गुप्त्यांनी घ्यायचा. ऑर्डर टपालानं येतेय. त्या पाहुण्यांपैकी कुणीतरी काल वर कळवलंय म्हणे, फार आस्थेनं चौकशी करतात, माणूस चांगला आहे म्हणून. असं कळवत नाही हो कुणी सहसा. तर तेवढं सांगा. पण घाई नाही. सावकाश होऊ द्या त्यांचं. तुमचं जेवण झालं ना?"

"झालं," त्र्यंबकराव म्हणाले.

"छान," अधिकारी म्हणाले आणि फोन बंद झाला.

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. टेबलावर काचेखाली नकाशा होता. त्यात इंडोनेशिया टेबलाच्या कडेला येई, आणि रोज ते तिथंच चहाचा कप ठेवत, त्यामुळे जावाभोवती तपकिरी गोल उमटलेले होते. त्यांनी वाळलेल्या हाताकडे पाहिलं. बोटं थोडी आत वळली होती. वडील उठले नाहीत आणि त्यांना जागा मिळाली नाही. आपण उठलो. तर या दोन पद्धतींपैकी कुठली बरी याचा अहवाल लिहिता येईल, असा विचार आला, आणि तो नेहमीच्या ठिकाणाहून आला, वरून, पण त्याच्या खाली बघण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. बाहेर सीलोन हळूच खाकरला. मागच्या दारानं निघून जाता आलं असतं. विहिरीवरून, शेजारच्या बंगल्याच्या आवारातून, नाक्यावर. पण त्या बंगल्याशी केंद्राचं भांडण होतं, आणि ते मिटवायचं काम त्यांनी पहिल्या दिवसापासून भाऊंवर सोपवून ठेवलं होतं.

मोरीवर जाऊन त्यांनी हात धुतला. बराच वेळ धुतला, बोटांच्या बेचक्यांतून. हात धुऊन झाला की माणसाला परत त्या पानावर बसता येत नाही. आपलं पान आता नुसतंच पान आहे, हे त्यांना पडवीत आल्यावर दिसलं. पाट रिकामा होता आणि सीलोन त्याच्याकडे बघत होता, एखाद्या सिद्धांतातून मधला मुद्दा गळाल्यासारखा. सगळे बसलेले, आपण एकटे उभे. पंगतीत उभ्या माणसाला एकच काम असतं. त्यांनी सहदेवकडे हात पुढं केला.

"काय, साहेब?" सहदेव म्हणाला.

"भांडं दे."

सहदेवनं मठ्ठ्याचं भांडं दिलं. भांडं गार होतं आणि वाटलं होतं त्याहून जड. त्र्यंबकराव ओळीनं पुढं गेले, मागं भाताचं पातेलं घेऊन सहदेव, सीलोनच्या पानापुढून, कर्नलच्या पानापुढून, कोपऱ्यावर भाऊंसमोर थांबले. तिथून दोघंही दिसत होते, भाऊ आणि म्हातारे प्रोफेसर. म्हातारे जिलबीपाशी आले होते. भाऊंच्या पानावर आता मोजकी शितं राहिली होती आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी वर पाहिलं. त्र्यंबकरावांना वाढताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि काय झालं असेल ते त्यांना काही कळलं नव्हतं.

"फोन कुणाचा होता?" भाऊंनी हळूच विचारलं. "तुमचं काम झालं का?"

"सांगतो," त्र्यंबकराव म्हणाले. त्यांनी वाकून सहदेवच्या पातेल्यातला थोडा भात भाऊंच्या पानावर वाढला, हात आडवा आला तरी, त्यावर मठ्ठा घातला, पळी भांड्याच्या कडेला टेकवली, आणि सरकारचा निरोप होता तसा, एक शब्द इकडचा तिकडं न करता, दिला.

"सावकाश होऊ द्या."